पांढरा पट्टा बांधताना

जून उजाडला, शाळांच्या घंटा वाजू लागल्या की शहरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या भिंतींवर कराटे वर्गांचे फलक झळकू लागतात. शाळेचे सभागृह, मंगल कार्यालयाची गच्ची, इमारतीखालची वाहनतळाची जागा, नगरपालिकेचे मैदान, जिथे म्हणून पंचवीस-तीस मुले उभी राहू शकतील तिथे संध्याकाळी पांढऱ्या गणवेशातल्या रांगा दिसतात. मुलांना तिथे पोहोचवणाऱ्या आई-वडिलांना कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. मुलगी असेल तर स्वसंरक्षण, मुलगा असेल तर शिस्त. तिसरे कारण सहसा उच्चारले जात नाही. ते म्हणजे पट्टा आणि प्रमाणपत्र.

मुले पडद्यासमोरून उठून मैदानावर जातात, घाम गाळतात, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु ज्या विद्येच्या दाराशी आपण मुलाला नेऊन सोडतो ती विद्या मुळात काय आहे, ती अंगी बाणायला किती काळ लागतो आणि तिच्याकडे काय मागावे, याचा विचार फलक वाचताना फारसा होत नाही. शुल्क, वेळ आणि अंतर या तीन गोष्टी जुळल्या की प्रवेश होतो आणि सहा महिन्यांनी तितक्याच सहजतेने तो सुटतोही. म्हणूनच या विद्येच्या मुळाकडे एकदा पाहायला हवे.

कराटेची जन्मभूमी म्हणजे जपानच्या मुख्य बेटांच्या दक्षिणेला असलेले ओकिनावा. तेथे र्‍युक्यूचे राज्य होते. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सरदारांनी त्यावर स्वारी केली आणि १८७९ मध्ये जपानने ते आपला प्रांत करून टाकले. या बेटावरचे स्थानिक कौशल्य आणि चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेल्या पद्धती यांच्या मिलाफातून निःशस्त्र युद्धाची ही कला घडत गेली. दीर्घकाळ ती गुरूच्या अंगणात, मोजक्या शिष्यांपुरती होती. सर्वसामान्यांच्या मुलांपर्यंत ती पोहोचली ती शाळेमार्फत. अंको इतोसु या आचार्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावाच्या शाळांत ती आणली आणि १९०८ मध्ये दहा कलमांचे एक पत्र लिहून शिक्षणातील तिचे स्थान मांडले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी व्यवसायाने शालेय शिक्षक होते. १९२२ मध्ये त्यांनी तोक्योत या विद्येचे प्रात्यक्षिक दाखवले. ज्यूडोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान संस्थेत निमंत्रित केले. कानो हेही मूळचे शिक्षणतज्ज्ञच.

या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. आज जे कराटे जगभर शिकवले जाते ते शिक्षकांनी, मुलांच्या घडणीसाठी घडवलेले आहे. 'कराटे' हा शब्द पूर्वी 'चिनी हात' या अर्थाच्या अक्षरांनी लिहिला जाई. फुनाकोशी आणि त्यांच्या समकालीनांनी त्याच उच्चाराची, पण 'रिकामा हात' या अर्थाची अक्षरे रूढ केली आणि त्यापुढे 'दो' म्हणजे मार्ग हा शब्द जोडला. हात रिकामा आहे तो शस्त्रापासून, पण मनही अहंकारापासून रिकामे असावे, असा त्यामागील भाव. ज्या विद्येच्या नावातच मार्ग आहे तिच्याकडे मुक्कामाची घाई करत जाणे म्हणजे पाया खणण्याआधी कळस चढवणे होय.

ही घाई आज पट्ट्यांच्या रूपाने दिसते. कराटेत पट्ट्यांची पद्धत मुळात नव्हतीच. कानो यांनी ज्यूडोसाठी आखलेली श्रेणींची व्यवस्था फुनाकोशींनी स्वीकारली आणि १९२४ मध्ये आपल्या काही शिष्यांना पहिल्यांदा काळा पट्टा दिला. त्या पहिल्या काळ्या पट्ट्याचे जपानी नाव 'शोदान'. 'शो' म्हणजे आरंभ. ज्याला आपल्याकडे विद्या पूर्ण झाल्याची खूण मानतात, त्याला मूळ परंपरा आरंभाची पायरी म्हणते. अक्षरओळख झाली, आता वाचायला लागा, एवढाच त्याचा अर्थ. असे असता आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या कमरेला काळा पट्टा, दर तीन महिन्यांनी नवा रंग, प्रत्येक रंगाला वेगळे परीक्षाशुल्क आणि गणपतीच्या मंडपात कौले फोडण्याचे प्रात्यक्षिक हा जो प्रकार ठिकठिकाणी चालतो, त्याला विद्यादान म्हणावे की व्यापार? दोष केवळ शिकवणाऱ्यांचा नाही. दोन वर्षांत रंग बदलला नाही तर वर्ग बदलणारे पालक असतील, तर रंग झपाट्याने बदलणारे वर्गच टिकणार.

पारंपरिक पद्धतीच्या वर्गात पहिले वर्ष कसे जाते हे पाहण्यासारखे आहे. आत येताना वाकून नमस्कार, गुडघे मोडून शांत बसणे, मग उभे कसे राहायचे याचा धडा. पाय किती अंतरावर, गुडघा किती वाकलेला, टाच जमिनीला टेकलेली की उचललेली, यातच आठवडे जातात. त्यानंतर एकच सरळ ठोसा शेकडो वेळा. एक हात पुढे जाताना दुसरा कमरेशी ओढला गेला पाहिजे आणि बळ खांद्यातून नव्हे तर कमरेच्या वळणातून आले पाहिजे. या मूलभूत क्रियांना 'किहोन' म्हणतात. त्या ठरावीक क्रमाने गुंफल्या की 'काता' होतो आणि जोडीदारासह केला जाणारा सराव म्हणजे 'कुमिते'. पहिल्या वर्षात कुमिते थोडे आणि किहोन फार. तिसऱ्या महिन्यात मूल कंटाळते, "रोज तेच तेच असते" अशी तक्रार घरी येते. पालकांची खरी परीक्षा त्या दिवशी असते. फुनाकोशींनी स्वतः तरुणपणी एकाच मालिकेतील तीन काता गिरवण्यात दहा वर्षे घालवली होती. रोज तेच करताना कालच्यापेक्षा आज काय सुधारले हे ज्या मुलाला कळू लागते, त्याला गणित आणि गाणेही पुढे त्याच रीतीने साधते.

पट्ट्यांप्रमाणे स्वसंरक्षणाच्या बाबतीतही आपल्याकडे सोपी उत्तरे लोकप्रिय आहेत. २०१२ च्या डिसेंबरमधील दिल्लीच्या घटनेनंतर मुलींसाठी शिबिरांची लाट आली. शासकीय शाळांमधून सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांच्या आत्मरक्षा प्रशिक्षणाची योजनाही राबवली गेली. हेतू उत्तमच. दबकून राहण्याची सवय मोडणे, मोठ्याने ओरडता येणे, धोका आधी ओळखणे, हे अल्पकाळातही शिकता येते आणि ते मोलाचे आहे. मात्र दोन दिवसांच्या शिबिरात चार पकडी शिकवून मुलीला "आता तू कोणालाही लोळवशील" असे सांगणे हा तिच्याशी केलेला द्रोह ठरतो. खोटा आत्मविश्वास भीतीपेक्षा घातक असतो. निघून जाण्याची वाट असेल तर निघून जावे, हे प्रामाणिक शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो. फुनाकोशींचा आग्रह होता की कराटे जाणणाऱ्याने पहिला प्रहार कधी करू नये. शोतोकान पद्धतीत नवशिक्यांना शिकवल्या जाणाऱ्या हेइआन मालिकेतील पाचही काता पाहाव्यात. त्यांतील प्रत्येकाची सुरुवात वार अडवण्याने होते. सामर्थ्य आणि संयम हे एकाच हाताचे दोन धर्म आहेत, हे तिथे शब्दांवाचून शिकवले जाते.

आपल्याकडच्या वर्गांतून आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. बोधिधर्म हा भारतीय भिक्षू चीनमध्ये गेला आणि त्याने शाओलिनच्या मठात युद्धकला शिकवली, म्हणून कराटे मूळचे आपलेच. बोधिधर्माचे ध्यानपरंपरेतील स्थान निर्विवाद आहे. युद्धकलेचे जनकत्व मात्र ज्या ग्रंथाच्या आधारे त्याच्याकडे दिले जाते तो ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजारांहून अधिक वर्षांनी लिहिलेला असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आपल्या अभिमानाला असा डळमळीत टेकू कशाला? खरा धागा हवा असेल तर तो आहेच. कराटेच्या सरावाच्या जागेला 'दोजो' म्हणतात. हा शब्द जपानला बौद्ध ग्रंथांतून मिळाला आणि मुळात तो 'बोधिमंड', म्हणजे जिथे बोध झाला ती जागा, या संस्कृत शब्दाचा चिनी अनुवाद आहे. सभागृहाच्या फरशीला ज्ञानप्राप्तीच्या स्थळाचे नाव मिळाले आहे, याची जाण ठेवून तिथे पाऊल टाकणे हा जनकत्वाच्या दाव्यापेक्षा मोठा अभिमान आहे.

ही जाण महाराष्ट्राला नवी नाही. तालमीत नव्याने आलेला पोरगा पहिल्या दिवशी कुस्ती धरत नाही. तो आखाड्याची माती उकरतो, मारुतीला नमस्कार करतो, जोर-बैठका मारतो आणि वस्ताद सांगेल तेव्हाच मातीत उतरतो. जपानी दोजोत विद्यार्थीच फरशी पुसतात. भाषा वेगळी, वेश वेगळा, पण रीत एकच. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून याच रीतीवर उभे आहे. संघशाखेत नियुद्धाचा सराव केलेल्यांनाही ती परिचयाची आहे. म्हणूनच मल्लखांब की कराटे हा वाद व्यर्थ आहे. जवळ चांगली तालीम असेल तर मुलाला तिथे घालावे, चांगला कराटे वर्ग असेल तर तिथे. विद्या कोणत्या देशातून आली याइतकेच ती कोणाच्या हाताखाली शिकायची हेही महत्त्वाचे आहे.

त्यासाठी प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी एक पूर्ण तास वर्गात बसून पाहावा. शिक्षक स्वतः अजून सराव करतो का? त्याला स्वतःचे गुरू आहेत का? लहान मुलांच्या लढतीत हातमोजे, दंतरक्षक आणि शिक्षकाची नजर या तिन्ही गोष्टी असतात का? परीक्षांचे एकूण शुल्क आधी सांगितले जाते का? न जमणाऱ्या मुलाकडे शिक्षक ओरडून पाहतो की वाकून? पालकांना वर्ग पाहण्यास मज्जाव असेल तर तिथून परतावे. या प्रश्नांची उत्तरे भिंतीवरच्या चषकांच्या रांगेतून मिळत नाहीत.

चषकांचे आणि पदकांचे आयुष्य किती असते हेही गेल्या काही वर्षांत दिसले आहे. कराटेला तोक्यो ऑलिम्पिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले. २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत ओकिनावाच्या र्‍यो कियुना यांनी पुरुषांच्या कातामध्ये सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून हा खेळ वगळला गेला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही तो नाही. केवळ पदकासाठी दोजोत आलेल्यांचे दार त्यामुळे बंद झाले, मार्गासाठी आलेल्यांचे काहीच अडले नाही. त्याच तोक्योत महिलांच्या कातामध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या स्पेनच्या सांद्रा सांचेझ तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या.

हे वय वर्गाच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या अनेक आई-वडिलांचे आहे. मुलाला आत सोडून, तासभर मोबाईलवर बोट फिरवत ते बाहेर बसलेले असतात. शिस्त मुलाने शिकावी, चिकाटी मुलाने दाखवावी, घाम मुलाने गाळावा, ही अपेक्षा करणाऱ्यांनी तोच तास आत घालवला तर काय बिघडेल? अनेक वर्ग प्रौढांनाही घेतात. प्रकृतीची चौकशी डॉक्टरांकडे करून, संकोच बाजूला ठेवून, आपल्या मुलाच्या मागच्या रांगेत उभे राहणारा बाप मुलाला जे शिकवील ते कोणताही उपदेश शिकवू शकणार नाही. चाळिशीत चुकणे, दहा वर्षांच्या मुलाकडून दुरुस्ती ऐकून घेणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येणे, याला धैर्य लागते. ते ज्या घरात दिसते त्या घरातील मूल तिसऱ्या महिन्यात वर्ग सोडत नाही.

यंदा जूनमध्ये फलक पुन्हा लागतील. पट्टे किती दिवसांत मिळतात हे विचारण्याऐवजी पांढरा पट्टा किती काळ बांधावा लागेल असे विचारणारे पालक वाढले, तर शिकवणाऱ्यांनाही आपल्या विद्येची लाज राखता येईल. समाजाला बळकट हात हवेतच. ते हात स्थिर असावेत, आणि ती स्थिरता शिकण्यासाठी मुलांबरोबर मोठ्यांनीही पहिल्या रंगापासून आरंभ करावा.