कचरा टाकायला ‘बाहेर’ कुठे आहे?

सकाळी दारात बादली ठेवली, ताई आल्या, घेऊन गेल्या. आपल्या दृष्टीने विषय संपला. पण वाचक भगिनींनो, ती बादली पुढे कुठे रिकामी होते, हे आपण कधी विचारले आहे काय?

लहान बेटावर राहणाऱ्या माणसांना हा प्रश्न टाळता येत नाही. चारी बाजूंनी पाणी, टाकणार कुठे? मालदीव देशाची राजधानी माले हे असेच इवलेसे बेट. तिथल्या लोकांनी १९९२ पासून जवळच्या थिलाफुशी नावाच्या उथळ खाडीत कचऱ्याची भर घालायला सुरुवात केली आणि काही वर्षांत तिथे कचऱ्याचेच एक बेट उभे राहिले. वाऱ्याने त्याचा धूर फिरायचा तो त्यांच्याच डोक्यावर.

आपल्या पुण्याला समुद्र नाही, म्हणून आपल्याला वाटत आले की शहराच्या ‘बाहेर’ भरपूर जागा आहे. एके काळी तो ‘बाहेर’ कोथरूडला होता. तिथे कचरा डेपो होता आणि आज त्याच जागेवर मेट्रोचा डेपो आहे. शहर वाढले, कोथरूड ‘आत’ आले आणि कचरा गेला उरुळी देवाची व फुरसुंगीच्या वाट्याला. तिथे डोंगर झाले. विहिरींचे पाणी नासले, माशा, वास, आगी. गावकऱ्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या त्याची गणतीच नाही. गाड्या अडल्या की चार दिवसांत पेठांतल्या कुंड्या ओसंडायच्या आणि मग साऱ्या शहराला उरुळीची आठवण यायची! २०१७ साली ही गावे महापालिकेच्या हद्दीत घेतली, पुढे पुन्हा वेगळी काढली. कचऱ्याचा डोंगर काही हद्द बदलून हलत नाही.

हे डोंगर आणखी उंच का झाले नाहीत? त्याला कारण आपल्याच आयाबहिणी. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा-सोलापूरकडून कितीतरी कुटुंबे पुण्यात आली. पुरुषाला बिगारी मिळाली तर मिळाली. बाईने पोते खांद्यावर टाकले आणि कुंडी गाठली. पुठ्ठा, रद्दी, पत्रा, काच, दुधाच्या पिशव्या वेचायच्या, निवडायच्या, भंगारवाल्याच्या काट्यावर घालायच्या. काटा त्याचा, भावही त्याचाच. हे काम करणाऱ्यांत दहात नऊ बायका आणि बहुसंख्य दलित, म्हणजे मातंग आणि आपल्यातल्याही. जिने माल वेचला तिलाच पोलीस चोर म्हणत, सोसायटीचा वॉचमन हाकलत असे आणि कुत्री अंगावर येत ती वेगळीच.

नव्वदच्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायणन या वस्त्यांत काम करू लागल्या. शिकवायला गेल्या आणि बायकांचे म्हणणे ऐकून थांबल्या. कुंडीत हात घालण्याऐवजी घराघरांतून निवडलेला सुका माल हातात मिळाला, तर जखमा कमी होतील, वेळ वाचेल आणि चार पैसे जास्त पडतील, हा साधा हिशेब होता. काही बायकांना काही सोसायट्यांत तसा माल मिळूही लागला. तेवढ्यात एका धंदेवाल्याने गाडी घेऊन त्याच दारांत जायला सुरुवात केली! तोपर्यंत ज्याला कोणी हात लावत नव्हते, त्यात नफा आहे हे कळताच गाडीवाला हजर. बायका एकत्र आल्या त्या या गोष्टीवरून. मे १९९३ मध्ये पुण्यात अधिवेशन भरले, आठशेच्या वर कचरावेचक जमले आणि हमाल पंचायतीच्या डॉ. बाबा आढावांच्या पाठबळाने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली.

पंचायतीने पहिली मागणी पैशाची केली नाही, ओळखपत्राची केली. १९९५-९६ च्या सुमारास महापालिकेच्या मान्यतेने फोटोचे कार्ड मिळाले. ज्या बाईला रस्त्यावर ‘ए कचरेवाली’ एवढेच नाव होते, तिच्या कार्डावर तिचे स्वतःचे नाव आले. पोलिसाने अडवले तर दाखवायला हातात काही तरी आले. पुढे पतसंस्था निघाली, म्हणजे सावकाराचे दार सुटायला सुरुवात झाली. पोरांना पोत्यामागे न फिरवता शाळेत घाला, हा आग्रह धरला. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठी जी शिष्यवृत्ती होती, ती कचरावेचकांच्या मुलांनाही लागू व्हावी म्हणून भांडून ती मिळवली.

२००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अभ्यासात यांच्या श्रमाचा हिशेब मांडला गेला. या बायका जेवढा माल कुंडीतून काढून नेतात, तेवढा महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही. डिझेल वाचते, ट्रक वाचतो, उरुळीची जागा वाचते. हिशेब असा निघाला की एकेक बाई महिन्याला सुमारे २४६ रुपयांची मेहनत शहराला फुकट देते! भीक मागणारी म्हणून जिच्याकडे पाहिले, ती उलट शहरालाच देत होती. हा आकडा टेबलावर ठेवल्यावर बोलणे बदलले. २००२-०३ पासून महापालिका त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली आणि २००८ साली ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा उचलण्याचा पाच वर्षांचा करार झाला. घरामागे ठरावीक फी बाईच्या हातात आणि सुका माल विकून येईल तो पैसाही तिचाच. साडेतीन हजारांवर माणसे या कामात आली.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आपल्या घरांत ती दबक्या आवाजात बोलली जाते. शिकलेला मुलगा आईला म्हणतो, ‘बाबासाहेबांनी घाण कामे सोडायला सांगितली, तू अजून कचऱ्यातच?’ मुलाचे चुकत नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मृतमांस आणि गावकीची हीन कामे सोडायला सांगितले, ते जन्माने गळ्यात पडलेले काम होते म्हणून. पण त्याच बाबासाहेबांनी मुंबईत सफाई कामगारांचा म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, हेही त्या मुलाला ठाऊक असावे. आज ज्या हातात झाडू आहे त्या हाताला पगार, रजा, मान मिळालाच पाहिजे आणि त्याच्या मुलाच्या हातात झाडू जाणार नाही अशी सोयही झाली पाहिजे. दोन्ही लढाया एकदमच लढाव्या लागतात. आईच्या कामाची लाज वाटून तिचे कार्ड लपवणारा मुलगा मला पटत नाही. आणि ‘आमच्या बायकांना हेच जमते’ म्हणणारा पुढारी तर त्याहून नाही.

बरे, काम घरोघर आले म्हणून घाण संपली का? नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे वापरलेले सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर. उघडेच बादलीत टाकायचे आणि ते निवडायचे हातांनी! २०१३ मध्ये ‘स्वच्छ’च्या बायकांनी एक धाडस केले. असे पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडेच परत पाठवून दिले. तुम्ही विकता, नफा तुम्ही घेता, मग विल्हेवाट आम्हीच का लावायची, हा रोकडा सवाल होता. २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी पॅडसोबत गुंडाळायची पिशवी द्यावी, असे आले. किती कंपन्या देतात ते तुम्हीच पाकीट उघडून बघा. २०१७ मध्ये पुण्यात ‘लाल ठिपका’ मोहीम निघाली. जुन्या वर्तमानपत्रात पॅड गुंडाळायचे, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळे द्यायचे. लिपस्टिकचा, कुंकवाचा, पेनाचा, कसलाही ठिपका चालतो. मुलींना हे आईने सांगावेच. पण बादली बाहेर ठेवणाऱ्या बापाला आणि भावालाही सांगावे. लाजण्यासारखे त्यात काय आहे?

ओले-सुके वेगळे करायचे हे आता सगळ्यांना पाठ आहे. न पाळायलाही सगळ्यांना पाठ आहे! एका खोलीच्या घरात दोन बादल्या कुठे ठेवायच्या, ही अडचण खरी आहे. दाराला खिळा मारून एक जुने पोते किंवा पिशवी टांगली की सुक्याचे भागते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नका, लोंबकळता ठेवा. तो इवला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. पिशवी विसळून दोरीवर घातली की तिला भाव येतो, खरकटी असली की ती कचराच. फुटलेली काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून, वर लिहून द्या. ज्यांनी कचऱ्यात हात घातलेला नाही, त्यांना हे बारीकसारीक वाटेल.

जयंतीच्या दिवसांबद्दलही एक शब्द. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी चौदा एप्रिलच्या रात्री मिरवणूक गेली की रस्त्यावर पाण्याचे ग्लास आणि पाऊच यांचा सडा असतो. पंधरा तारखेच्या पहाटे तो कोण उचलते? स्टीलचे पेले भाड्याने मिळतात. मंडळाने डीजेच्या खर्चातून तेवढे काढायला हरकत नाही.

राहता राहिला कराराचा प्रश्न. पाच वर्षे संपत आली की या बायका पुन्हा महापालिकेच्या दारात उभ्या असतात. २०२० च्या अखेरीस करार संपला तेव्हाही असेच झाले. थोड्या थोड्या मुदतवाढीवर काम चालले आणि ठेकेदाराच्या गाड्यांना काम द्यावे, अशी बोलणी सुरू झाली. ठेकेदार आला की सुका माल त्याचा होतो आणि बाई त्याच्या गाडीमागे रोजंदारीवर धावते, तेही त्याने ठेवली तर. १९९३ च्या आधी गाडी घेऊन आलेला तो धंदेवाला आणि हा ठेकेदार यांत फरक इतकाच, की आताच्या हातात निविदा असेल. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक मत मागायला येतो तेव्हा रस्ता आणि नळाबरोबर हेही विचारा, की आमच्या दारात येणाऱ्या ताईंचे काम पुढच्या वर्षी राहणार आहे का, आणि त्यांना हातमोजे, रेनकोट वेळेवर मिळतात का. पावसाळा संपल्यावर रेनकोट मिळून काय उपयोग?