अकरावीची विषयनिवड कोण करतो?

दहावीचा निकाल लागला की राज्यातील लक्षावधी घरांतून एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. कोणते महाविद्यालय मिळेल? गेल्या वर्षीची शेवटची यादी किती टक्क्यांवर थांबली होती, याची विचारपूस होते. शेजाऱ्यांचा सल्ला घेतला जातो. नातेवाइकांचे दूरध्वनी येतात. या धांदलीत दुसरा एक प्रश्न, जो वस्तुतः पहिला असावयास हवा, तो मागे पडतो. पुढील दोन वर्षे या मुलाने किंवा मुलीने शिकावयाचे काय?

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश सर्व राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरताना कुटुंबे रात्र-रात्र जागतात. विषयांची निवड मात्र बहुधा प्रवेशाच्या दिवशी, महाविद्यालयाच्या खिडकीसमोरील रांगेत उभ्या उभ्या होते. मागे रांग असते, पुढे लिपिक असतो आणि अर्जावर काही रकाने असतात. गणित की जीवशास्त्र? मराठी की माहिती तंत्रज्ञान? वाणिज्य शाखेत गणित की चिटणिसाची कार्यपद्धती? पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी मित्राने जे लिहिले तेच लिहितो. त्या क्षणी काही दारे उघडली जातात आणि काही बंद होतात. कोणती बंद झाली हे त्याला कोणी सांगत नाही.

बंद होणारी दारे

उदाहरणे पाहू. अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांकडे जाणाऱ्यास भौतिकशास्त्राबरोबर गणित लागते; वैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्यास जीवशास्त्र लागते. एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु कृषी आणि औषधनिर्माणशास्त्र या पदव्यांना गणिताचा गट चालतो, तसाच जीवशास्त्राचाही चालतो, हे कितीजणांना माहीत असते? पुण्यासह देशात ठिकठिकाणी असलेल्या ‘आयसर’ संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या चारही विषयांना समान स्थान आहे. मूलभूत विज्ञानाची आवड असलेल्या मुलाने ‘ओझे नको’ म्हणून यांपैकी एक विषय अकरावीतच सोडला, तर परीक्षेचा चौथा हिस्सा त्याने आधीच गमावलेला असतो.

कला आणि वाणिज्य शाखांचीही तीच कथा आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलाच्या शाखेसाठी कोणत्याही विद्याशाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी अर्ज करू शकतो आणि २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे असतात. दहावीनंतर गणिताचे पुस्तक न उघडलेल्या कला शाखेच्या मुलीला हे बारावीत समजले, तर तिने काय करावे? वाणिज्य शाखेत ‘गुण सहज मिळतात’ म्हणून गणित टाळणारा आणि पुढे सनदी लेखापाल होऊ इच्छिणारा विद्यार्थी फाउंडेशन परीक्षेत पुन्हा गणिताच्याच समोर उभा राहतो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घ्यावयाची असेल तर गणित अपरिहार्य आहे, आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून स्वतंत्र सामायिक प्रवेशपरीक्षा सुरू झाली आहे. ही माहिती गुप्त नाही. ती फक्त योग्य घरी योग्य वेळी पोहोचत नाही.

बंद झालेले दार पुन्हा उघडता येत नाही असे नाही. बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना ‘नीट’ देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली. तथापि अशा वळणाला एक वर्ष लागते, पैसा लागतो आणि मुख्यतः अशी वाट आहे हे सांगणारा कोणीतरी लागतो. ज्याच्या घरात पदवीधर आहेत त्याला तो भेटतो. ज्याच्या घरातील तो पहिलाच बारावीपर्यंत पोहोचलेला आहे, त्याला तो बहुधा भेटत नाही. सारख्याच गुणांच्या दोन मुलांतील अंतर येथे सुरू होते आणि त्याचा बुद्धीशी काही संबंध नसतो.

मूळ योजना काय होती?

दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधाचा पाया १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने घातला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरच्या मातीतून आलेले जे. पी. नाईक होते. पहिली दहा वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण मिळावे, विज्ञान आणि गणित सर्वांनी शिकावे आणि त्यानंतरच विद्यार्थ्याने आपली वाट निवडावी, असा त्यामागील विचार होता. उच्च माध्यमिक टप्प्यावर निम्मे विद्यार्थी व्यवसायशिक्षणाकडे वळतील, अशीही आयोगाची अपेक्षा होती. महाराष्ट्राने १९७५ मध्ये नवा आकृतिबंध स्वीकारला आणि कनिष्ठ महाविद्यालये अस्तित्वात आली.

ही दोन वर्षे निवडीची आणि तयारीची असावीत, ही कल्पना योग्यच होती. प्रत्यक्षात निवड गुणांच्या उतरंडीने केली. नव्वदच्या वर विज्ञान, त्याखाली वाणिज्य, उरलेल्यांना कला, असा अलिखित नियम समाजाने करून टाकला. तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळवण्याची चांगली वाट उपलब्ध असताना, ती ‘कमी गुणवाल्यांची’ ठरली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील कठोर भिंती दूर करण्याचा संकल्प केला. पण भिंत धोरणाच्या कागदावर पडली, तरी घराघरांतील मनांत ती उभीच आहे.

ओस पडलेले वर्ग

विषय घेतल्यावर ते शिकले जातात का, हा दुसरा प्रश्न. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश आता प्रवेशपरीक्षांच्या गुणांवर ठरतात. बारावीच्या गुणांना मुख्यतः किमान पात्रतेपुरते महत्त्व उरले आहे. याचा परिणाम सर्वज्ञात आहे. विद्यार्थ्याचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते आणि तो दिवसभर बसतो खासगी क्लासमध्ये. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा उपाय योजला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये दाखल करून घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. यंत्रावर अंगठा उमटला म्हणून अध्यापन होत नाही, आणि वय मोजले म्हणून स्पर्धा थांबत नाही.

यात सर्वाधिक हानी होते ती अकरावीची. बोर्डाची परीक्षा बारावीच्या अभ्यासक्रमावर असते, म्हणून अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानण्याची रीत पडली. परंतु ‘नीट’ आणि ‘जेईई’ या दोन्ही परीक्षा अकरावी व बारावी या दोन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमावर होतात. राज्याच्या सीईटीतही अकरावीला सुमारे वीस टक्के भार दिला गेला आहे. ज्याला क्लासची फी परवडते त्याला हे पहिल्या दिवशी कळते. ज्याला परवडत नाही तो महाविद्यालयावर विसंबतो, आणि तेथे अकरावीचा वर्ग निम्मा रिकामा असल्याने शिक्षकाचाही उत्साह मावळलेला असतो. वर्गात प्रामाणिकपणे येऊन बसणाऱ्या त्या दहा-वीस मुलांचा अपराध काय?

मराठीचा रकाना

या सर्व हिशेबात एक विषय निमूटपणे बळी जातो. अकरावीला मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येते. तांत्रिक स्वरूपाचे द्विलक्ष्यी विषय घेतले तर दुसरी भाषा आपोआपच सुटते. ‘गुण मिळतात, वेळ वाचतो’ या दोन कारणांनी हुशार विद्यार्थ्याचे मातृभाषेचे शिक्षण पंधराव्या-सोळाव्या वर्षी थांबते. २०२० च्या कायद्याने मराठी दहावीपर्यंत अनिवार्य झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मात्र अकरावीच्या अर्जावर ती गैरसोयीची ठरते. याच विद्यार्थ्यांपैकी काहीजण चार-पाच वर्षांनी राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेस बसतात, तेव्हा मराठीची प्रश्नपत्रिका त्यांची वाट पाहत असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतही एका भारतीय भाषेत उत्तीर्ण व्हावे लागते. वाचलेला वेळ मग व्याजासह परत करावा लागतो.

दाखल्यांची रांग

महाविद्यालयीन प्रवेशाची तयारी केवळ अभ्यासाची नसते, हे शासकीय कचेऱ्यांतील लिपिकवर्गाइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असेल. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आणि जातवैधता प्रमाणपत्र यांसाठी जून महिन्यात तहसील कचेरीत आणि जात पडताळणी समितीकडे जी गर्दी उसळते, तिच्यातील बराच भाग वर्षभर आधी सहज निकालात निघाला असता. जातवैधतेसाठी आजोबांच्या शाळेतील नोंदीपर्यंत मागे जावे लागते. ते काम पंधरवड्यात होत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णपणे माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण एखादा दाखला वेळेत हाती नसेल, तर ती माफी त्या मुलीपुरती कागदावरच राहते.

परीक्षांच्या वेळापत्रकाचेही असेच. बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांसाठी २०२४ मध्ये राज्यात प्रथमच सीईटी घेण्यात आली. त्या वर्षी अतिरिक्त सीईटी घेण्याची वेळ आली. नियम बदलला, पण ज्यांच्यासाठी बदलला त्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

शाळेनेच हे काम का करावे?

यावर उपाय म्हणून समुपदेशकांच्या नेमणुका, कलचाचण्या आणि संकेतस्थळे यांची चर्चा होत असते. त्यांचा उपयोग आहेच. परंतु तालुक्याच्या गावातील पालक संकेतस्थळावर विश्वास ठेवण्यापूर्वी गुरुजींना विचारतो. म्हणून हे काम प्रथमतः माध्यमिक शाळेचे आहे. नववी आणि दहावीच्या वर्षांत मिळून दहा तासिका एवढ्यासाठी राखून ठेवाव्यात. कोणत्या विषयगटातून कोठे जाता येते, कोणती परीक्षा कोणत्या अभ्यासक्रमावर असते, कोणता दाखला कधी काढावा, याचे एक साधे चार पानी मराठी टिपण शिक्षण विभागाने दरवर्षी अद्ययावत करून प्रत्येक शाळेला पाठवावे. दिवाळीनंतरच्या पालकसभेत ते वाचून दाखवावे. विषयनिवडीचा अर्ज विद्यार्थ्याने घरी नेऊन, दोन दिवस विचार करून भरावा. आणि अकरावीच्या पहिल्या सत्रात एकदा विषय बदलण्याची संधी जागा असेल तेथे विनासायास मिळावी.

शिक्षकांवर आधीच निवडणुकीची, जनगणनेची आणि माहिती भरण्याची कामे लादलेली आहेत. त्यात ही भर कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. तरीही एक भेद लक्षात घ्यावा लागेल. ती कामे इतरांची आहेत आणि शिक्षकांवर सोपवलेली आहेत; विद्यार्थ्याला वाट दाखवणे हे मुळातच शिक्षकाचे काम आहे, आणि ते त्याच्या हातून सुटल्यामुळेच क्लासच्या जाहिरातींनी ती जागा बळकावली. पहिली कामे कमी करून हे काम शिक्षकाकडे परत द्यावे, अशी मागणी शिक्षक संघटनांनीच का करू नये?

विद्यार्थ्यांनाही काही सांगण्यासारखे आहे. पंधराव्या वर्षी आयुष्याचे ध्येय ठरलेच पाहिजे असा नियम नाही. बहुतेकांचे ते ठरलेले नसते. ज्याचे ठरलेले नाही त्याने अधिक दारे उघडी ठेवणारे विषय घ्यावेत. झेपत असेल तर गणित सोडू नये, मातृभाषा सोडू नये आणि अकरावीचे वर्ष वाया घालवू नये. विषय सोडायचा असेल तर तो अवघड वाटला म्हणून एका दुपारी सोडू नये. काय सोडतो आहोत ते समजून सोडावा.

ते समजावून देणारा माणूस प्रत्येक शाळेत असणे, ही फार मोठी मागणी नाही. यंदा दहावीत असलेल्या मुलांपुरते बोलावयाचे, तर त्यासाठी अजून काही महिने हातात आहेत. निकालाच्या दिवशी ते उरणार नाहीत.