दर्शनी भिंतीमागचे घर

सिंगापूरच्या सहलीत मर्लायन आणि सेंटोसाच्या जोडीला आता कून सेंग रोडचा ‘फोटो स्टॉप’ही येऊ लागला आहे. जू चियाट भागातल्या या रस्त्यावर 1920 च्या दशकातली दुमजली घरे समोरासमोर रांगेत उभी आहेत. गुलाबी, पिस्ता, आकाशी रंग, गिलाव्यात उठवलेली फुले-पाखरे, चकचकीत नक्षीच्या फरश्या, आणि मुख्य दारापुढे ‘पिंटू पागार’ हे अर्ध्या उंचीचे कोरीव दार. मलाय जगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या, बहुतांशी चिनी वंशाच्या पेरानाकन कुटुंबांची ही ओळख. अडचण एवढीच, की आत आजही माणसे राहतात. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये रहिवाशांनी लावलेल्या ‘फोटो काढू नका’च्या पाट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको.

मग जाऊच नये का? तेही पटत नाही. जुने पाडून उंच बांधण्याचा झपाटा असलेल्या शहरात 1993 साली जू चियाटला संरक्षण मिळाले. 2011 मध्ये तो देशातला पहिला ‘हेरिटेज टाऊन’ ठरला. सरकारी नियमाने राखलेली घरे सरकारी रस्त्यावरून कोणी पाहू नयेत, असे म्हणता येणार नाही. शिवाय दर्शनी बाजूवर एवढा खर्च करणाऱ्या मूळ मालकांना ती चारचौघांनी पाहावी असे वाटलेच असणार. एवढी नक्षी कोणी फक्त स्वतःसाठी काढून घेत नाही! म्हणून रस्त्यावरून पाहण्याला आमची हरकत नाही. फाटकाच्या आत पाऊल टाकण्याला, खिडकीत डोकावण्याला आणि रस्ता अडवून पोझ देण्याला मात्र आहे.

खरा पेच याच्या पुढचा आहे. या भागातल्या नियमांचा भर दर्शनी बाजू आणि मुख्य घर राखण्यावर आहे. मागच्या बाजूला नवे बांधकाम करायला वाव आहे. राहत्या घराला एवढी मोकळीक हवीच, नाहीतर तिथे कोण राहील? पण या घरांत स्वयंपाकघर मागे असे. पाहुण्यांचे स्वागत पुढच्या दालनात होई, तर न्योन्यांचे, म्हणजे पेरानाकन स्त्रियांचे, राज्य मागे, पाटा-वरवंट्यापाशी. लाक्सा (शेवयांचा रस्सा) आणि नारळाच्या दुधातले क्वे (वड्यांसारखे खाऊ) पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जमत आले. म्हणजे कायदा नेमका पुढचा दिवाणखाना जपतो आणि कॅमेराही तेवढाच टिपतो. घर विकत घेणारा पेरानाकनच असावा, अशी अट तर कुठलाच वारसा कायदा घालू शकत नाही.

तेव्हा सहल आखणाऱ्यांनी कून सेंग रोडवर रेंगाळण्याचा वेळ कमी करावा. तो आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकन संग्रहालयाला द्यावा, किंवा आगाऊ नोंदणी करून नील रोडवरच्या बाबा हाऊसला. तिथे 1928 च्या सुमाराचे घर आतून मांडलेले आहे. आणि जेवण जू चियाटला लागून असलेल्या काटोंगमध्येच करावे. यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: पाहुणे वाढले की दुकानांची भाडीही वाढतात, आणि घरगुती क्वे विकणाऱ्यांच्या जागी कॅफे येतात. तो धोका आम्हाला मान्य आहे. तरीही ज्या दुकानदाराने स्वतःहून दार उघडले आहे त्याच्याकडे गर्दी झालेली बरी. बंद फाटकामागे कपडे वाळत घालणाऱ्या कुटुंबाने कुणालाच बोलावलेले नाही.