वाघाचा प्रश्न एकट्या सत्तरीचा नव्हे



गोव्यातल्या म्हादई अभयारण्याच्या व्याघ्र प्रकल्पाचा विषय निघाला की आमच्या डिचोली-पेडण्यात लोक हात झटकतात. ‘तो सत्तरी तालुक्याचा प्रश्न,’ म्हणतात. मी डिचोली तालुक्यातल्या साळ गावचा. तरीही या विषयावर बोलण्याची पाळी आधी आमची आहे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या गावाकडून जाणारी नदी वर दोडामार्गात तिळारी असते आणि समुद्राला मिळताना शापोरा. पेडण्याला चांदेलच्या प्रकल्पातून मिळते ते पाणी तिळारीचे. डिचोलीला पोडोशेहून पाणी येते, त्याच्या पाठीशी सत्तरीतले अंजुणे धरण आणि चोर्ल्याचे डोंगर आहेत. तिळारीचा कालवा फुटला की नळ कोरडे पडतात आणि मग सगळ्यांना तिळारी आठवते. 2019 च्या ऑगस्टमध्ये उलटे झाले. साळ, इब्रामपूर भागात घरांत पाणी शिरले, केळीच्या बागा आडव्या झाल्या. तिळारी धरणाचे दरवाजे कधी उघडले यावर आपण महिनोन्महिने भांडलो. धरणाच्या वरच्या रानाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. दोडामार्गात जंगल तोडून डोंगर रबर आणि अननसाच्या लागवडीखाली गेले, हे आम्ही येता-जाता डोळ्यांनी पाहिले आहे.

वाघ राहतो ते रान शाबूत असते. हरीण, गवा, रानडुक्कर पोटभर मिळेल एवढे दाट रान असेल तरच तो टिकतो, आणि तेच रान पावसाचे पाणी धरून ठेवून उन्हाळ्यात थेंबाथेंबाने नदीत सोडते. शिवाय वाघाला सलग रान लागते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात 2018 साली कॅमेऱ्यात टिपलेला वाघ दोन वर्षांनी कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात दिसला. मधल्या डोंगररांगेत राधानगरी आहे, आंबोली आहे, तिळारी, म्हादई आणि भीमगड आहे. यातला कुठलाही दुवा तुटला की दोन्हीकडचे वाघ आपापल्या बेटावर अडकतात. हत्तींनी हेच आम्हाला वेगळ्या रीतीने सांगितले. 2025 च्या सप्टेंबरात ओंकार नावाचा हत्ती तांबोसे-मोपा भागातल्या शेतांत उतरला, तेव्हा तो ‘सिंधुदुर्गाचा प्रश्न’ एका रात्रीत पेडण्याचा झाला.

गोव्यात वाघ राहत नाहीत, ते येऊन-जाऊन असतात, असे सरकारपक्षाकडून आजवर अनेकदा ऐकले. 2020 च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषबाधेने मेलेली सापडली. पिल्लांना घेऊन वाघीण पाहुणचाराला येत नाही. तिथे तिचे घर होते. त्याआधी 2009 साली केरीच्या रानात वाघ मारला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 जुलै 2023 रोजी व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा असा आदेश दिला, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. वनवासींचे हक्क बारा महिन्यांत निश्चित करा, असेही त्याच आदेशात होते. त्या वाक्याची आठवण प्रकल्पाचे विरोधक काढत नाहीत आणि समर्थकही फारशी काढत नाहीत, याचे मला दुःख आहे.

कारण सत्तरीतल्या माणसाची भीती खरी आहे. म्हादई अभयारण्य 1999 साली राष्ट्रपती राजवटीत, राज्यपाल जेकब यांच्या काळात जाहीर झाले. तेव्हापासून तिथल्या लोकांच्या काजूच्या बागांचे, कुळागरांचे, घरांचे दावे लोंबकळत आहेत. ज्याच्या पायाखालची जमीन कागदावर त्याची नाही, त्याला ‘वाघ वाचवा’ म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मात्र व्याघ्र प्रकल्प म्हणजे गावे उठवणे, ही भीती घालणारे कायदा अर्धाच सांगतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 साली घातलेल्या तरतुदींनुसार आधी हक्कांची निश्चिती व्हावी लागते आणि स्थलांतर स्वेच्छेनेच, ग्रामसभेच्या संमतीनेच करता येते.

आता मुद्द्याचे. वाघ गाय मारतो, पण एका बैठकीत संपवत नाही. दुसऱ्या रात्री तो त्याच मढ्यावर परत येतो. विष घालणाऱ्याला हे ठाऊक असते. म्हणजे वाघाचा जीव वाचवायला सरकारच्या हातात एक दिवस असतो. आमच्या वाड्यावर बिबट्याने एका शेजाऱ्याची दुभती गाय मारली. पंचनामा, गुरांच्या डॉक्टरांचा दाखला, मग अर्ज. तो बाबा कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहिला आणि पैसे हाती आले तेव्हा दुसरी गाय घ्यायचे त्याने सोडून दिले होते. बिबट्याला त्याने काही केले नाही, हा त्याचा मोठेपणा. तेवढा मोठेपणा प्रत्येक घराकडून गृहीत धरून वन्यजीवांचे संरक्षण होत नसते. नुकसानभरपाई किती, यावर चर्चा होते. ती किती तासांत, हे कुणी विचारत नाही.

हिमाचलातल्या स्पितीत हिमबिबट्याच्या बाबतीत किब्बर गावाने हाच प्रश्न सोडवला. 2024 साली जाहीर झालेल्या गणनेत भारतात हिमबिबटे 718 भरले. इतक्या थोड्या जनावरांना त्या उजाड उंचीवर याक आणि घोडी पाळणाऱ्यांच्या मर्जीवरच जगायचे आहे. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने तिथल्या गावकऱ्यांनी गुरांचा विमा सुरू केला. दर जनावरामागे मालक थोडा हप्ता भरतो आणि जनावर मेले तर खातरजमा गावचीच समिती करते. लडाखमध्ये गोठ्यांना वरून जाळी बसवण्याचेही काम झाले.

सत्तरीत हे करायला पैसा कुठून येणार? डिचोलीच्या पोटातून निघालेल्या खनिजावर जिल्हा खनिज निधी जमा होतो आणि पर्यावरण रक्षण हे त्याच्या प्राधान्याच्या कामांत मोडते. डिचोलीचे डोंगर आम्ही पोखरू दिले, मये आणि शिरगावच्या शेतांत लाल गाळ उतरला तेव्हाही फार उशिरा बोललो. मोपाचा सडा गेला, तेव्हा तो बरडच होता असे आम्हाला सांगण्यात आले. आमच्या वाटणीतून सत्तरीच्या गुरांचा विमा उतरवायला आमची हरकत असू नये, कारण त्यांच्या माथ्यावरचे पाणी आम्ही पितो.

येत्या ग्रामसभेत साळमध्ये मी ठराव मांडणार आहे: वाघ-बिबट्याने जनावर मारल्यास चोवीस तासांत गावपातळीवर भरपाईचा पहिला हप्ता द्यावा आणि सत्तरीतल्या प्रलंबित दाव्यांचा निकाल व्याघ्र प्रकल्पाच्या अधिसूचनेबरोबरच लागावा. इब्रामपूर, हणखणे, चांदेल, लाटंबार्से, मये इथल्या वाचकांनी आपापल्या ग्रामसभेत असाच ठराव मांडावा, ही विनंती.

— एक वाचक, साळ, ता. डिचोली