माळढोकाचा मान कायम राहावा



राजस्थानने माळढोकाऐवजी सर्वत्र दिसणारा एखादा पक्षी राज्यपक्षी म्हणून निवडावा, ही गतांकातील पत्रलेखकाची सूचना मला सर्वथा अमान्य आहे. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा, आणि समोरचे नीट दिसत नसल्याने उडताना विजेच्या तारांवर आदळून प्राणास मुकणारा हा पक्षी दुर्मीळ झाला, याचा दोष गवताळ माळांची दप्तरी ‘पडीक’ म्हणून नोंद करणाऱ्या आपल्या धोरणाकडे जातो. ज्या सरकारने त्यास हा बहुमान बहाल केला, त्याच्यावरच जैसलमेरचे माळ राखण्याची जबाबदारी येते. ती टाळून सनदच रद्द करणे हा उघड अन्याय होय. आमच्या नान्नजच्या माळावरून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. निदान राजस्थानने तरी त्याचा हक्क अबाधित ठेवावा.

आपला,
एक वाचक, सोलापूर