बाई: एक तर बळी, नाही तर लांडगी

मैत्रिणींनो, भयपट म्हटला की आपल्यातल्या बऱ्याच जणी नाक मुरडतात. तरीही नील मार्शल या दिग्दर्शकाचा ‘डॉग सोल्जर्स’ (२००२) हा कमी पैशांत केलेला ब्रिटिश चित्रपट आपण मिळून पाहावा, असं मला वाटतं.

सरावासाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आलेली सैनिकांची एक तुकडी पौर्णिमेच्या रात्री तिथेच अडकते. माणसाचे लांडगे होणारे नरभक्षक त्यांच्या मागे लागतात. मेगन नावाची प्राणिशास्त्रज्ञ त्यांना एका शेतघरात आणते. रात्रभर ते घर लढवताना कळतं, की कॅप्टन रायनला असा एक लांडगा लष्करासाठी जिवंत पकडायचा होता आणि ही तुकडी म्हणजे नुसतं आमिष होतं.

मला इथपर्यंतचा चित्रपट आवडतो. वरच्यांच्या महत्त्वाकांक्षेपायी खालची पोरं मरतात, हे तो न कचरता सांगतो. नायक कूपर हुकूम झाला तरी कुत्र्याला गोळी घालत नाही. त्यामुळे त्याची निवड हुकते. आज्ञापालन म्हणजे मर्दानगी नव्हे, असं म्हणणारी सैनिकांची गोष्ट विरळाच.

पण या करुणेत बाई बसत नाही. चित्रपटात ठळक बायका दोनच. पहिली तंबूतली तरुणी. ती सुरुवातीलाच मारली जाते. दुसरी मेगन. ती अखेर त्या लांडग्यांच्याच घरातली निघते. या सैनिकांमुळे आपली सुटका होईल, अशी तिला आशा होती. म्हणजे रक्ताच्या नात्यानं घराला जखडलेली, बाहेर पडू पाहणारी ही बाई. तिचं दुःख ऐकायला चित्रपट दोन मिनिटंही थांबत नाही. बायकांना दिली जाणारी ‘कुत्री’ ही शिवी तिच्याच तोंडी घालतो, तिचं रूप पालटू लागतं आणि सार्जंट वेल्स तिला गोळी घालतो. शेवटी कूपर वाचतो, सोबत घरातला कुत्राही. कुत्र्याला दया आणि बाईला गोळी, हा हिशेब मला सलतो.

हा भयपटाचा नाइलाज नव्हे. कॅनडातल्या ‘जिंजर स्नॅप्स’मध्ये (२०००) लांडगी होणारी मुलगी नुकतीच वयात आलेली आहे. केरन वॉल्टन या लेखिकेनं पाळी, शरीरातले बदल आणि बहिणींचं नातं कथेच्या मध्यभागी आणलं. खुद्द मार्शलनंही पुढे ‘द डिसेंट’मध्ये (२००५) गुहेत अडकलेल्या सहा जणींची गोष्ट सांगितली. त्यातल्या बायका शूर आहेत, स्वार्थी आहेत, चुकतातही. थोडक्यात, माणसं आहेत.

म्हणून आपल्या गटात हे तिन्ही चित्रपट पाहून बोलू या. रक्त आणि किंकाळ्या बाजूला ठेवून एवढंच विचारू या: राक्षस कोणाला ठरवलंय, आणि तिला बोलायला वेळ किती दिलाय?