श्रेकचं गाढव, सावळ्याचं गाढव आणि आपला राजा

परवा विट्याला पाहुण्यांकडं गेलो होतो. जेवणं झाली आणि पोरं मोबाइलभोवती कोंडाळं करून बसली. पिक्चर होता 'श्रेक'. हिरवा राक्षस, त्याच्या मागं बडबड करणारं गाढव आणि बुरुजात अडकलेली राजकन्या. आमची आत्या वय वर्षं पंच्याहत्तर. लांबूनच चष्मा वर करून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आरं, ह्यो तर वगच हाय की. गाढवाचं लग्न!"

पोरं हसली. मी मात्र घरी येईपर्यंत त्याच वाक्यावर विचार करत होतो. कारण आत्याचं बरोबर होतं.

'श्रेक' आला २००१ साली. सुरुवातीलाच परीकथेचं पुस्तक उघडतं. एक होती राजकन्या, तिला शाप, तिला सोडवायला येणार शूर राजपुत्र. वाचणारा श्रेक स्वतः, आणि तो बसलाय संडासात. पान फाडतो आणि त्याचं जे करायचं ते करतो. पहिल्या दोन मिनिटांत शेकडो वर्षांच्या गोष्टींचा निकाल! पुढं लॉर्ड फारक्वाड येतो. ह्याला राजा व्हायचंय, त्यासाठी राजकन्येशी लग्न पाहिजे, पण ड्रॅगनसमोर स्वतः जायची तयारी नाही. सरदारांना गोळा करून सांगतो, तुमच्यातले काही मरतील, पण माझी तयारी आहे. ह्या एका प्रसंगावर आपल्याकडच्या कुठल्याही पारावर तासभर गप्पा होतील. नावं प्रत्येकानं आपापली घालावीत.

आणि श्रेकची मागणी काय? राज्य नको, राजकन्या नको. माझ्या दलदलीत तुम्ही हाकलून दिलेली माणसं आणून सोडलीत, ती जागा मोकळी करून द्या. तहसील कचेरीत अर्ज घेऊन उभा असलेला आपला माणूस आणि श्रेक ह्यांच्यात रंगाचा तेवढा फरक.

ह्या चेष्टेला एक पत्ता होता. पिक्चर काढणाऱ्या ड्रीमवर्क्सचे एक संस्थापक जेफ्री कॅटझेनबर्ग १९९४ साली डिस्नीतून बाहेर पडलेले. फारक्वाडचं चकाचक, रांगा लावलेलं, गाणी म्हणणाऱ्या बाहुल्यांचं गाव डिस्नीच्या बागेसारखं दिसतं. ज्यांनी परीकथांची दुकानं थाटली, त्यांच्या दारात जाऊन केलेली ती टिंगल होती. तिला ऑस्करही मिळालं. पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटासाठीचं ते पहिलंच.

आता आपल्याकडं या. वगात दुसरं काय असतं? राजा जुना, प्रधान जुना, दरबार जुना. पण राजा सिंहासनावर बसून "प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?" असं विचारतो, आणि उत्तरात येतं लोडशेडिंग, रेशनचं रॉकेल, उसाचं थकलेलं बिल. गोष्टीचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि तोंडात आजची भाषा घालायची. श्रेकची युक्ती हीच. फरक एवढाच, की पिक्चरमधला विनोद एकदा बनला की बनला. आपला सोंगाड्या गावात पोचल्यावर चहाच्या टपरीवर चौकशी करायचा आणि रात्री त्या गावचाच खड्डा राजाच्या वाटेत आणून ठेवायचा.

'गाढवाचं लग्न' हरिभाऊ वडगावकरांचं. दादू इंदुरीकरांनी सावळ्या कुंभार गाजवला. शापानं गाढव झालेला गंधर्व कुंभाराच्या घरी येतो आणि थेट राजकन्येला मागणी घालतो. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' मूळचं 'छपरी पलंगाचा वग'. त्यात राज्यकारभार फिरतो कोतवालाच्या रिकाम्या जागेभोवती आणि राजाच्या पलंगाभोवती. ह्यातला एक तरी राजा सिंह मारताना दिसतो का? सगळे बिचारे प्रधान सांगेल तसे चालणारे.

आणि हे काही पुण्या-मुंबईहून आलेलं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, ते संस्थानिकांच्या आश्रयानं. त्या नाटकांत देव-दानव यायच्या आधी सूत्रधार आणि विदूषक रंगमंचावर येत. म्हणजे राजाच्या पैशानं नाटक, आणि तिथंही आधी मान चेष्टा करणाऱ्याला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तर तमाशाची चौकटच हलवली. गणात देवाऐवजी कष्टकऱ्याला वंदन आणलं. कवलापूरच्या काळू-बाळूंनी 'जहरी प्याला'मध्ये हवालदार असे रंगवले, की प्रेक्षकांतले खरे पोलीसही हसत असणार.

आपलंच सगळं थोर, असं म्हणायचं नाही मला. एका बाबतीत श्रेक पुढं गेला. आपल्या वगात शेवटी गाढवाचा देखणा गंधर्व होतो, म्हणजे राजकन्येचं नशीब उजळतं. श्रेकमध्ये शाप सुटतो आणि राजकन्याच राक्षसीण राहते, आणि दोघं सुखानं संसार करतात. सुंदर दिसणं हेच बक्षीस, ही गोष्टीतली सगळ्यात जुनी खोट तिथं मोडली. उलट फारक्वाडच्या बुटकेपणावर मारलेले शेरे मला आवडले नाहीत. आपल्या बतावणीतही बाईवर, जाडीवर, काळ्या रंगावर असले विनोद पोत्यानं आहेत. चेष्टा खुर्चीची करावी, शरीराची नको.

आणखी एक गोष्ट डिस्नीची घेण्यासारखी. त्यांनी चेष्टा ऐकली. २००७ च्या 'एन्चान्टेड'मध्ये स्वतःच्याच राजकन्येला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आणून सोडलं. २०१३ च्या 'फ्रोझन'मध्ये, आज भेटला आणि आजच लग्न, ह्या आपल्याच जुन्या खोडीवर बोट ठेवलं. धंद्यासाठी केलं असेल, पण केलं.

आता खरं दुखणं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीच्या पोरांनी छोटी नाटिका बसवली होती. राजा शिकारीला निघतो, घोड्याचा पाय खड्ड्यात मुरगळतो, राजा प्रधानाला विचारतो, "हा रस्ता मागच्याच महिन्यात केला ना?" एवढंच. रंगीत तालीम बघून वाक्य कापलं गेलं. का, तर प्रमुख पाहुणे रस्त्याच्या कामाशी संबंधित. पोरांनी घोड्याला पोटदुखी झाल्याचं दाखवलं. कुणी हसलं नाही. त्यानंतर रेकॉर्ड डान्सवर टाळ्या पडल्या.

शिक्षकांना दोष देत नाही. त्यांना नोकरी करायची आहे. पण ज्या सातारा जिल्ह्यानं, ज्यात तेव्हा आजच्या सांगलीचाही बराच भाग होता, १९४३ ला नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांच्या नाकासमोर प्रतिसरकार चालवलं, तिथं पुठ्ठ्याचा मुकुट घातलेल्या बारा वर्षांच्या राजाला खड्ड्याबद्दल बोलायची चोरी व्हावी? पोरं परदेशी राजावर हसतात, ते चालतं. तो लांब आहे, निवडणुकीला उभा राहत नाही.

आज जत्रेत वगाला वेळ उरत नाही. हजेरीपुरती गाणी आणि मग स्पीकरच्या भिंती. लोकांना तेच पाहिजे, असं यात्रा कमिटी म्हणते. असेलही. पण पोरं तासभर श्रेक बघतात, म्हणजे राजाची फजिती बघायची भूक मेलेली नाही. ती आपण जेवायला वाढत नाही एवढंच.

म्हणून दोनच मागण्या. यात्रा कमिट्यांनी यंदा एक तास वगाला द्यावा, फडाला पूर्ण बिदागी देऊन, आणि काय बोलायचं नाही ह्याची यादी न देता. आणि ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, शाळांनी पोरांना कुठलीही एक राजा-राणीची गोष्ट द्यावी आणि सांगावं, मोडा. पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवा. हसले तर निवडून द्यायच्या लायकीचे समजा.

घोड्याचा पाय खड्ड्यातच मुरगळू द्या. पोटदुखी आपल्याला पुरेशी आहे.